‘रोबोटिक हर्निया’ ही एक ओळ पुरेशी नाही: ठाणे-नवी मुंबईतील प्रिव्हिलेजिंग समित्यांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय संचालक आणि प्रिव्हिलेजिंग समितीचे सदस्य,
ठाणे व नवी मुंबईतील रोबोटिक शस्त्रक्रिया करणारी, तसेच रोबो घेण्याच्या तयारीत असलेली सर्व रुग्णालये.

स. न. वि. वि.

आपल्या रुग्णालयात कोणत्या सर्जनने कोणतं ऑपरेशन करायचं, हे आपली समिती लेखी ठरवते. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचलाही तेच अपेक्षित असतं. रोबोटिक हर्नियाचा अर्ज येतो तेव्हा त्याला जोडलेला मुख्य कागद असतो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट. ऑनलाइन मॉड्यूल, सिम्युलेटरवरचे काही तास, एक-दोन दिवसांची लॅब आणि मग प्रॉक्टर, म्हणजे देखरेख करणारा अनुभवी सर्जन, शेजारी उभा असताना केलेल्या पहिल्या काही केसेस. एवढं जमलं की अर्जावर सही होते आणि ती ‘रोबोटिक हर्निया’ या एकाच ओळीवर होते. जांघेतला छोटा हर्निया त्यात येतो. तीन सिझेरियननंतर मधोमध उघडलेलं पोट पुन्हा बांधून काढणंही त्याच ओळीत येतं.

आमची हरकत या एका ओळीला आहे. यंत्र चालवता येतं, एवढंच सर्टिफिकेट सांगतं. पोटाची भिंत कळते असं ते म्हणत नाही आणि त्याचा तसा दावाही नसतो. समितीने मात्र ते तसं वाचलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते: तयारी सगळी कन्सोलची (सर्जन जिथे बसून रोबो चालवतो त्या यंत्राची) आणि चुका सगळ्या भिंतीत.

पुराव्यापासून सुरुवात करतो, कारण खरेदीच्या बैठकीत तो सहसा चहानंतर येतो. जांघेतल्या एका बाजूच्या हर्नियासाठी रोबो आणि लॅपरोस्कोपी यांची थेट तुलना अमेरिकेत ‘रायव्हल’ या चाचणीत झाली. 6 केंद्रं, 102 रुग्ण, निष्कर्ष 2020 मध्ये ‘जामा सर्जरी’त. पहिल्या 30 दिवसांत रुग्णाच्या बाजूने काहीच फरक पडला नाही. वेळ जास्त लागला, खर्च जास्त झाला आणि सर्जनची चिडचिडही रोबोवर जास्त नोंदली गेली. पोटाच्या मधल्या हर्नियाबद्दल त्याच वर्षी ‘बीएमजे’मध्ये आलेल्या चाचणीत रुग्णालयातले दिवस सारखेच राहिले आणि ऑपरेशनचा वेळ जवळपास दुप्पट झाला. रोबोचा उपयोग दिसतो तो वेगळ्या जागी. मोठ्या इन्सिजनल, म्हणजे जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून आलेल्या, हर्नियात स्नायूंच्या मागे शिरून भिंत सोडवायची आणि पोटाच्या छताला आतून टाके घालायचे, हे सरळ काठीसारख्या लॅपरोस्कोपिक हत्यारांनी फार अवघड जातं. मनगटासारखी वळणारी हत्यारं तिथे खरोखर कामाला येतात. ज्या रुग्णाचं पोट एरवी बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उघडावं लागलं असतं, त्याचं काम काही छोट्या भोकांतून होतं. खुल्या पद्धतीशी केलेल्या निरीक्षणात्मक तुलनांमध्ये अशा रुग्णांचा मुक्काम कमी दिसतो.

म्हणजे शिकायची जागा जांघ आणि फायद्याची जागा मोठा इन्सिजनल हर्निया. इथेच घोडं पेंड खातं. जांघेतल्या हर्नियाच्या ज्या रुग्णावर सर्जनचा हात बसतो, त्याला स्वतःला रोबोमुळे जास्तीचं काही मिळत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्येच रोबोटिक शस्त्रक्रिया ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत घातल्या. विमा कंपनीला त्या पूर्ण नाकारता येत नाहीत, पण खर्चाला मर्यादा घालता येते, आणि मर्यादेवरची रक्कम रुग्णाच्या खिशातून जाते. वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडी कामगाराला किंवा शहापूरहून आलेल्या शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही. म्हणून पहिली विनंती पैशाची आहे: शिकाऊ टप्प्यातल्या केसचं बिल लॅपरोस्कोपिक दरानेच व्हावं आणि फरक रुग्णालयाने सोसावा. संमतीपत्र मराठीत असावं. कमरेखालच्या किंवा जागेपुरत्या भुलेत होणारं जाळीचं खुलं ऑपरेशन हाही चांगला पर्याय आहे, सर्जन त्याच्या शिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि प्रॉक्टर हजर असेल का, हे सगळं त्यात उघड लिहिलेलं असावं.

आता मूळ कामाकडे वळतो. जांघेतल्या रोबोटिक टॅपमध्ये, म्हणजे पोटातून शिरून पेरिटोनियम या पोटाच्या आतल्या अस्तरामागे जाळी बसवण्याच्या पद्धतीत, नेमकं काय शिकवायचं आणि काय तपासायचं, यावर जगात फारसा वाद उरलेला नाही. फ्रेंच सर्जन फ्रूशोने 1956 मध्ये दाखवून दिलं की डायरेक्ट, इनडायरेक्ट आणि फेमोरल हे तिन्ही हर्निया एकाच कमकुवत खिडकीतून बाहेर येतात. दाएस आणि फेलिक्स यांनी 2017 मध्ये त्या पूर्ण खिडकीचं ‘क्रिटिकल व्ह्यू’ नऊ मुद्द्यांत मांडलं. व्हिडिओ थांबवून हे मुद्दे एकेक करून दाखवता आले पाहिजेत. नुसती जाळी बसलेली दिसली म्हणून पास करू नये.

हर्नियाच्या भोकाच्या साधारण 4 सेंटीमीटर वर पेरिटोनियम आडवं कापायचं, आतल्या बाजूला मीडियल अम्बिलिकल फोल्डपासून बाहेर कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या दिशेने. फ्लॅप खाली घेत प्यूबिक हाड मधल्या रेषेपर्यंत मोकळं करायचं. डायरेक्ट हर्निया मोठा असेल तर मधली रेषा ओलांडून पलीकडच्या कूपर लिगामेंटपर्यंत (प्यूबिक हाडावरच्या चिवट पट्ट्यापर्यंत) जायचं. मूत्राशय आणि कूपर लिगामेंट यांच्यात निदान 2 सेंटीमीटर जागा करायची. ही जागा नसली तर मूत्राशय भरताना जाळीची खालची कड उचलली जाते आणि महिन्यांनी तिथूनच हर्निया परत येतो. कूपर आणि इलियाक शीर यांच्या मधे फेमोरलची जागा डोळ्यांनी बघायची. बायकांमध्ये ही पायरी कधीच वगळायची नाही. त्यांच्यात फेमोरल हर्नियाचं प्रमाण जास्त असतं आणि खुल्या ऑपरेशनमध्ये तो सहज नजरेआड राहतो.

मग पिशवी. इनडायरेक्ट पिशवी कॉर्डपासून, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या दोरीपासून, इतकी मागे सोडवायची की पेरिटोनियम वर ओढलं तरी कॉर्डमधलं काहीही हलू नये. ही साधी खूण आहे आणि व्हिडिओत पाच सेकंदांत दिसते. अर्धवट सोडवलेली पिशवी जाळीच्या खालच्या कडेखालून पुन्हा आत येते. कॉर्डमधली चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, काढायला विसरलं तर रुग्ण तीन महिन्यांनी ‘डॉक्टर, गाठ तशीच आहे’ म्हणत परत येतो, आणि ते म्हणणं खरं असतं. बाहेरच्या बाजूला कंबरेच्या हाडाच्या टोकापलीकडे जागा करायची. हे सगळं झाल्याशिवाय जाळीचं पाकीट फोडायचं नाही. जाळी कमीत कमी 10 बाय 15 सेंटीमीटर, सुरकुती नको, घडी नको. 2018 च्या हर्नियासर्ज या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही हाच किमान आकार आहे. परदेशी माणसाचं माप म्हणून इथे जाळी कापून लहान करण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडायला हवी.

दोन त्रिकोण तोंडपाठ असून भागत नाही, हाताला ठाऊक हवेत. व्हास (वीर्यनलिका) आणि गोनॅडल (वृषणाच्या) रक्तवाहिन्या यांच्या मधल्या त्रिकोणात खाली बाह्य इलियाक धमनी आणि शीर असतात. गोनॅडल वाहिन्यांच्या बाहेर, इलिओप्यूबिक ट्रॅक्टच्या खाली, मांडीकडे जाणाऱ्या नसा असतात. तिथे टाका, टॅकर, डायथर्मी काहीच नको. जांघेतल्या हर्नियानंतर तीन महिन्यांपलीकडे टिकणारं, रोजच्या कामात आडवं येणारं दुखणं 10 ते 12 टक्के रुग्णांना होतं, असं हीच मार्गदर्शिका सांगते. त्यातला काही भाग तरी सर्जनच्या हातात असतो, आणि तो याच जागेत असतो. प्यूबिक हाडाच्या मागून जाणारी कोरोना मॉर्टिस ही जोडवाहिनी सुटली, तर रक्त कूपरच्या मागे भरत जातं. शिकाऊ हात तिथे आंधळेपणाने बायपोलर (विजेने जाळणारं हत्यार) मारतो आणि इलियाक शिरेपर्यंत पोहोचतो. शिकवताना त्याला आधी दाबून धरायला, मग धुऊन बघायला आणि शेवटी जाळायला लावा.

शेवटची पायरी पेरिटोनियम शिवण्याची. बार्ब असलेला धागा वापरल्यावर शेवटचं टोक लांब सोडलं की त्याच्या काट्यांत लहान आतड्याचा वेढा अडकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या आणि फुगलेलं पोट घेऊन रुग्ण येतो. टोक पेरिटोनियमच्या लगत कापायचं, शेवटचे दोन टाके उलट दिशेने घ्यायचे आणि फ्लॅपला कुठेही फट राहू द्यायची नाही. पेरिटोनियम ताणलं जात असेल तर पोटातला दाब 12 वरून 8 मिलिमीटर पाऱ्यावर आणून शिवावं. किरकोळ वाटणारी ही गोष्ट सिम्युलेटरवर शिकवली जात नाही, कारण सिम्युलेटरला आतडं अडकत नाही.

कन्सोलचंही महत्त्व आहेच. आज वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांवर हाताला स्पर्श कळत नाही. धागा किती ताणला, ऊतक फाटायला आलं का, हे डोळ्यांनी ओळखावं लागतं: ऊतकाचा रंग पांढुरका पडतो, टाक्याभोवती खळगा खोल होतो. पहिल्या आठवड्यांत धागे तुटतात ते यामुळेच. हत्यार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असताना हलवू नये, क्लच वेळेवर दाबून हात मध्यावर आणावेत, तिसरा आर्म कुठे धरून ठेवलाय हे विसरू नये. अशा सवयी सिम्युलेटरवरच लागतात. त्या मोजायला 2012 पासून ‘गिअर्स’ ही पद्धत आहे: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कार्यक्षमता, बळाचं भान, स्वायत्तता आणि यंत्रावरचं नियंत्रण, प्रत्येकी 5 पैकी गुण, एकूण 30. तपासणारा सर्जन आपल्याच विभागाचा नको.

यंत्र बदललं की परवानगी आपोआप पुढे जाऊ नये. दा विंचीवर डोकं व्ह्यूअरमध्ये घालून, पायांच्या पेडलनी काम चालतं. ह्यूगो आणि एसएसआय मंत्रा यांचा कन्सोल उघडा, थ्रीडी चष्मा लावून बघायचा. व्हर्सियसमध्ये सगळी बटणं हातातच आहेत. आर्म एका गाडीवर आहेत की प्रत्येक आर्मची वेगळी गाडी आहे, यावर पोर्टची जागा आणि आर्म एकमेकांवर आपटण्याचा धोका बदलतो. ज्ञान एकच असलं तरी हाताच्या सवयी वेगळ्या आहेत, म्हणून नव्या यंत्रावर निदान सिम्युलेटर आणि पहिल्या काही केसेस प्रॉक्टरसोबत हव्यात.

टेबलाजवळच्या माणसांशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, आणि नेमकं त्यांचंच प्रशिक्षण कागदावर नसतं. कन्सोलवरचा सर्जन रुग्णापासून काही फूट लांब, पाठमोरा बसलेला असतो. रुग्णाजवळ असतात ते असिस्टंट, सिस्टर आणि भूलतज्ज्ञ. टेबल 10 ते 15 अंश डोक्याकडे खाली करायचं ते डॉकिंगच्या, म्हणजे रोबोचे आर्म जोडण्याच्या, आधी. जोडलेलं, सोबत हलणारं टेबल नसेल तर आर्म लावल्यावर टेबल हलवणं म्हणजे कॅन्युलाने (हत्यारं आत नेणाऱ्या नळीने) पोटाची भिंत फाडणं. कॅन्युलावरची जाड काळी पट्टी भिंतीच्या जाडीत हवी. ती बाहेर किंवा फार आत गेली की फिरण्याचा बिंदू चुकतो, भिंत ताणली जाते आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण हर्नियापेक्षा पोर्टच्या जागी जास्त दुखतं म्हणतो. दोन पोर्टांत साधारण 8 सेंटीमीटर अंतर ठेवायचं. मोनोपोलर कात्रीवरचं टिप-कव्हर सिस्टरने दर वेळी बघायचं. दा विंचीच्या कात्रीवर खालचा नारंगी भाग दिसत असेल तर कव्हर नीट बसलेलं नाही. चिरलेल्या कव्हरमधून करंट बाजूला गळतो आणि कॅमेऱ्यात न दिसणारं आतडं भाजतं. सुई आत गेली की मोठ्याने मोजायची, बाहेर आली की पुन्हा मोठ्याने मोजायची.

भूलतज्ज्ञाने दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. आर्म जोडलेले असताना रुग्ण खोकला किंवा हलला तर हत्यारं आतच असतात, म्हणून स्नायू पूर्ण शिथिल हवेत आणि ते मॉनिटरवर मोजलेले हवेत. ईटेपसारख्या पेरिटोनियमबाहेरच्या ऑपरेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड ऊतकांत जास्त शोषला जातो, श्वासातलं त्याचं प्रमाण चढतं, त्वचेखाली हवा गळ्यापर्यंत जाऊ शकते. ट्यूब काढण्याची घाई करू नये.

आणि सुटकेचा सराव. रक्तस्राव झाला, वीज गेली किंवा आर्म अडकला तर रोबो बाजूला करून पोट उघडायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजलेलं किती ठिकाणी आहे? क्रम ठरलेला हवा: रक्तस्राव असेल तर एका हत्याराने दाब धरून ठेवायचा, बाकीची हत्यारं जबडे उघडून नजरेखाली काढायची, मग दाबणारं हत्यार आणि कॅमेरा, आर्म कॅन्युलापासून सोडवायचे, गाडी मागे, टेबल सपाट, खुल्या ऑपरेशनचा संच उघडलेला. जबडा ऊतक धरून अडकला तर सोडवायची किल्ली गाडीलाच बांधलेली असावी. ती कपाटात कुलूपबंद असते तेव्हा चावी दुसऱ्या पाळीच्या इन्चार्जकडे असते. दर तीन महिन्यांनी, रिकाम्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), त्या दिवशी ड्यूटीवर जी माणसं आहेत त्यांनाच घेऊन हा सराव करा. निवडक टीम घेऊन केलेल्या सरावातून काही कळत नाही.

आता अवघड भाग: पोटाची पुढची भिंत. इथे परवानगी वेगळी असायलाच हवी, आणि तीही एक नव्हे. युरोपियन हर्निया सोसायटीच्या वर्गीकरणात 4 सेंटीमीटरहून अरुंद भोक डब्ल्यू-1, 4 ते 10 डब्ल्यू-2, 10 च्या वर डब्ल्यू-3. बेंबीजवळचं डब्ल्यू-1 आणि दोनदा जाळी लावून बिघडलेलं डब्ल्यू-3 यांच्यात नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. ऑपरेशनचा निर्णय सीटी स्कॅनवर व्हावा आणि तो स्कॅन अर्जदार सर्जनने समितीसमोर स्वतः वाचून दाखवावा. भोकाची रुंदी किती, दोन्ही रेक्टस (पोटाच्या मधल्या उभ्या) स्नायूंची मिळून रुंदी किती? ती भोकाच्या दुपटीहून कमी असेल तर नुसत्या रेक्टसमागच्या दुरुस्तीने मधली रेषा जुळेल ही आशा धरू नये. पोटाबाहेर गेलेलं आतडं पोटात पुन्हा मावणार का? ऑपरेशनच्या निदान 4 आठवडे आधी बोटुलिनम टॉक्सिन देऊन बाजूचे स्नायू सैल करायचे का? तंबाखू-सिगरेट महिनाभर बंद झाली का, साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 8 च्या खाली आली का, वजन कमी करायला वेळ दिला का? ज्या सर्जनला केस पुढे ढकलता येत नाही, त्याला या यादीवर घेऊ नका.

टार, म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस स्नायू सोडवणं, ही पद्धत नोवित्स्कीने 2012 मध्ये मांडली. हे ऑपरेशन एका रेषेवर उभं आहे. रेक्टसच्या मागे बाहेरच्या दिशेने जात जात सेमिल्युनर रेषेच्या (रेक्टसच्या बाहेरच्या कडेच्या) जवळ पोहोचलं की नसा आणि रक्तवाहिन्यांचे जुडगे भिंतीतून आत येताना दिसतात. मागचा पडदा कापायचा तो या जुडग्यांच्या आतल्या बाजूला, सुमारे अर्धा सेंटीमीटर सोडून. पोटाच्या वरच्या भागात तिथे ट्रान्सव्हर्ससचे लालसर तंतू दिसतात. ते एकेक उचलून कापायचे आणि खाली ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया-पेरिटोनियमच्या थरात उतरायचं. खाली जाताना स्नायू पातळ होत नुसता पडदा उरतो आणि अर्क्युएट रेषेखाली मागचा थरच संपतो. जुडग्यांच्या बाहेर कापलं तर सेमिल्युनर रेषाच तुटते. पोटाच्या बाजूची तिन्ही पदरं मधल्या भिंतीपासून सुटतात, आणि असा झालेला बाजूचा हर्निया पुन्हा दुरुस्त करणं हे मूळ हर्नियापेक्षा कितीतरी कठीण असतं. कॅमेऱ्यात सगळं दहापट मोठं दिसत असल्यामुळे शिकाऊ माणसाला आपण योग्य जागी आहोत असं वाटत राहतं. जुडगे दिसले नाहीत तर थांबायचं. ‘असतील इथेच’ म्हणत कापायचं नाही. वरच्या टोकाला ट्रान्सव्हर्ससचे तंतू डायाफ्रामच्या तंतूंशी गुंतलेले असतात. तिथे थर चुकला की छातीच्या खाली नवा हर्निया तयार होतो. ईटेपमध्ये एका बाजूच्या रेक्टसमागून दुसऱ्या बाजूला जाताना लिनिया अल्बाच्या (मधल्या रेषेतल्या चिवट पट्ट्याच्या) मागच्या चरबीत राहायचं असतं. लिनिया अल्बा चिरली की धडधाकट जागी आपणच हर्निया करून ठेवतो.

मागचा पडदा शिवताना ताण नको. जोर लावून जुळवलेला पडदा भूल उतरताना खोकल्यासरशी फाटतो आणि लहान आतडं त्या फटीतून जाळी आणि पडदा यांच्या मधे शिरतं. बाहेरून पोट सपाट, व्रण स्वच्छ. रुग्ण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलट्या करतो आणि वॉर्डात ‘आतडी सुस्त आहेत’ म्हणून नळी टाकून वाट बघितली जाते. टारनंतर उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी सीटी, हे रात्रपाळीच्या आरएमओलाही माहीत हवं. वॉर्डच्या भिंतीवर लावलेल्या सूचनेत ही ओळ नसेल तर सर्जन कितीही निष्णात असला तरी हा रुग्ण उशिराच ओटीत परत जाणार.

मग शिकवायचं कसं? आमचा प्रस्ताव असा आहे, आकड्यांवर घासाघीस होऊ शकते, क्रमावर नको. हर्नियासर्जच्या म्हणण्याप्रमाणे दुर्बिणीने जांघेतला हर्निया शिकायला 50 ते 100 केसेस लागतात आणि पहिल्या 30 ते 50 सर्वांत नाजूक असतात. तेव्हा कन्सोलचा अर्ज करणाऱ्याची लॅपरोस्कोपिक जांघेची नोंदवही आधी बघा. त्यानंतर सिम्युलेटरवर किमान 20 तास, ठरलेले सर्व व्यायाम सलग दोनदा उत्तीर्ण. टेबलाजवळचा असिस्टंट म्हणून 10 केसेस, कारण आर्म कुठे आपटतात हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पुढे कन्सोलवर, पण उलट्या क्रमाने: आधी फक्त पेरिटोनियम शिवणं, मग जाळी पसरणं, मग बाहेरची बाजू, मग प्यूबिक हाडाकडची बाजू आणि सर्वांत शेवटी पिशवी. अशा रीतीने अर्धवट कौशल्याचा माणूस धोक्याच्या जागी पोहोचतच नाही. त्यानंतर प्रॉक्टरसोबत 10 पूर्ण केसेस आणि त्यातल्या तीन न कापलेल्या व्हिडिओंची बाहेरच्या दोन सर्जनांकडून, नाव झाकून, तपासणी. मधल्या भिंतीच्या साध्या हर्नियाची परवानगी रोबोटिक जांघेच्या 30 केसेसनंतर. टारसाठी याशिवाय खुल्या रेक्टसमागच्या दुरुस्तीचा आणि खुल्या टारचा प्रत्यक्ष अनुभव हवा. रोबोवरच पहिला टार करणं आम्हाला मान्य नाही. आणि तीन महिने कन्सोलवर बसलं नाही तर सिम्युलेटरवर परत.

हे एका रुग्णालयाला एकट्याने जमणार नाही. पण खाडीच्या दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला तर जमतं. खुल्या हर्नियाची संख्या आहे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या सरकारी-पालिका ओटींमध्ये. शरीररचनाशास्त्राचे विभाग आणि देहदानातून आलेले मृतदेह आहेत कळवा, नेरूळ आणि कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत. रोबो आहेत ते मुख्यतः खाजगी रुग्णालयांत, आणि रविवारी ते झाकून ठेवलेले असतात. कळव्याच्या रेसिडेंटला रविवारी सिम्युलेटर मिळावा. खाजगी रुग्णालयाच्या कन्सल्टंटने महिन्यातून एक दिवस सरकारी ओटीत खुल्या टारला हात लावावा. मृतदेहावरच्या कार्यशाळेत दोघे शेजारी-शेजारी उभे राहावेत. ठाण्याहून नेरूळला थेट ट्रान्स-हार्बर लोकल जाते, अंतराची सबब पुरायची नाही. मृतदेहाबद्दल एक व्यावहारिक सूचना: फॉर्मॅलिनने कडक झालेल्या देहावर टारचा थर उलगडत नाही, सगळं चिकटून येतं. मऊ राहणाऱ्या पद्धतीने जतन केलेले किंवा गोठवलेले देह लागतात. त्यासाठी शरीररचना विभागाला काही महिने आधी कळवावं लागतं. आदल्या आठवड्यात फोन करून काम होत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तास लागतातच. ते हॉटेलच्या सभागृहात बसून मिळवण्यापेक्षा या टेबलाशेजारी मिळवता येतील.

नोंदवहीशिवाय या सगळ्याला दात नाहीत. प्रत्येक रोबोटिक हर्नियाची नोंद असावी: वर्गीकरण, डॉकिंगचा आणि कन्सोलचा वेळ वेगवेगळा, कोणती पायरी कोणी केली, आतड्याला इजा, पद्धत बदलावी लागली का, 30 दिवसांत पुन्हा दाखल, तीन महिन्यांनी दुखणं, वर्षाने तपासणी. वर्षाची तपासणी फोनवर होते तेव्हा ‘फोनवर’ असंच लिहावं. सेरोमाला (ऑपरेशनच्या जागी साचलेल्या पाण्याला) रुग्ण ‘हर्निया परत आला’ म्हणतो आणि परत आलेल्या हर्नियाला आपण सेरोमा म्हणतो, तेव्हा सोनोग्राफीचा रकाना वेगळा हवा. ही वही समितीने सहा महिन्यांनी बघावी, मार्केटिंग विभागाने नाही.

पुढच्या बैठकीत अर्जाचा नमुना बदलण्याचा विषय घ्यावा, ही विनंती. ‘रोबोटिक हर्निया’ या एका ओळीच्या जागी चार ओळी: जांघ, मधल्या रेषेतला लहान हर्निया, ईटेप आणि रेक्टसमागची दुरुस्ती, टार. प्रत्येकीसमोर वेगळी सही, यंत्राचं नाव आणि मुदत. आज ज्यांच्याकडे सरसकट परवानगी आहे त्यांना पहिल्या ओळीवर ठेवून बाकीच्या तीन ओळींसाठी त्यांच्या शेवटच्या केसेसचे व्हिडिओ मागवावेत. ते तपासायला बाहेरचे सर्जन हवे असतील तर आम्ही येऊ. मानधन नको. व्हिडिओ पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अखंड असावा आणि त्यावरचं सर्जनचं नाव आधी झाकलेलं असावं, एवढ्या दोनच अटी आहेत.

आपले,
ठाणे व नवी मुंबईत हर्निया शस्त्रक्रिया करणारे व शिकवणारे काही सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी परिचारिका